खोकला, साप आणि सासूबाईंची गोळी

मैत्रिणींनो, घरात कुणाला 'बीपी' आहे असं कळलं की आपण काय करतो? लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठेवतो, पापड तळणं कमी करतो, 'उगीच टेन्शन घेऊ नका हो' असं दिवसातून चारदा सांगतो, आणि गोळी घेतली का एवढं विचारून आपल्या कामाला लागतो. मीही याहून वेगळं काही करत नव्हते. मी बी. ए. झालेली, अर्धा दिवस शाळेत आठवी-नववीला इतिहास शिकवणारी, बाकीचा वेळ घरची. रक्तदाब म्हणजे हृदयाचा आणि काळजीचा आजार, एवढंच माझं ज्ञान. त्या ज्ञानाचे दिवे मी कसे पाजळले, ते आज तुम्हाला सांगून टाकते.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये माझ्या सासूबाईंना रक्तदाबासाठी नवी गोळी सुरू झाली. रॅमिप्रिल तिचं नाव. आईंचं वय तेव्हा अडुसष्ट. गोळी चांगली लागू पडली, महिन्याभरात आकडा खाली आला. आणि गौरी-गणपतीच्या सुमाराला त्यांना खोकला लागला. कोरडा. कफ नाही, ताप नाही, नुसती घशात खवखव; घशातून कुणी पीस फिरवतंय असं त्या म्हणायच्या. रात्री आडवं झालं की जास्तच. दरवर्षी आमच्याकडे आरतीला आवाज आईंचा. त्या वर्षी पहिल्या कडव्यालाच ढास लागली आणि तोंडाला पदर लावून त्या आत निघून गेल्या.

मग आपलं नेहमीचं सुरू झालं. अडुळशाचा काढा झाला, ज्येष्ठमध झालं, हळद घालून दूध, मधातून सुंठ. दही बंद, केळं बंद. नेहमीच्या डॉक्टरांनी दोनदा खोकल्याचं औषध दिलं आणि हवा बदललीय म्हणाले. आई मात्र सारख्या सांगत होत्या, "अगं, ही नवी गोळी लागल्यापासनंच हे सुरू झालंय."

"अहो आई, गोळी बीपीची. तिचा खोकल्याशी काय संबंध?" हे वाक्य माझं. वर मी हसलेसुद्धा. चोरून लोणचं खात असतील, असाही माझा संशय होता आणि तो मी यांच्यापाशी बोलूनही दाखवला होता.

दिवाळीनंतर खोकला हळूहळू कमी झाला. मी सगळं श्रेय अडुळशाला दिलं.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. मी पूजेची तयारी करत होते, आई ओट्यापाशी पाटावर बसून मेथी निवडत होत्या. मी काहीतरी विचारलं आणि उत्तर आलं नाही. वळून पाहिलं तर मेथीची जुडी हातातून खाली पडलेली, आणि त्या माझ्याकडे बघून बोलायचा प्रयत्न करताहेत. पण तोंडातून निघतंय ते भलतंच. शब्द आमच्या भाषेतले, अर्थ मात्र काही लागेना. उजवा हात मांडीवर पडलेला. माझे तर हातपायच गळाले. रिक्षा येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं गेली असतील, तेवढ्यात त्यांची वाचा परत आली. "काही नाही गं, झालं बरं. उपास सोडायचाय तुला, कुठं निघालीस?" असं म्हणायला लागल्या. यांनी ऐकलं नाही म्हणून बरं. बायांनो, हे लक्षात ठेवा: अशी लक्षणं दहा मिनिटांत गेली तरीही त्या क्षणी मोठ्या दवाखान्यात न्यायचं. तो पक्षाघाताचा इशारा असतो.

दवाखान्यात रक्तदाब भरला १९६ आणि १०८. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी आईंना विचारलं, "आजी, गोळी कधीपासून बंद केलीत?" आई गप्प. मग हळूच म्हणाल्या, "पाडव्यापासनं." घरी येऊन मी सुपारीचा डबा उघडला. खाली कागद घालून त्यावर गोळ्या ठेवलेल्या, तिसाच्या वर. फेकायला जीव होईना. औषध महाग ना.

मी आईंना बोलणारच होते, पण डॉक्टरीणबाईंनी पुढचा प्रश्न केला, "खोकला येत होता का?" आणि आईंनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मी जन्मात विसरणार नाही. गोळी आपल्या मनानं बंद करायला नको होती. पण खोकला गोळीचाच होता. ही गोळी घेणाऱ्या शंभरांत पाच ते वीस जणांना तो होतो, आणि बायकांना पुरुषांपेक्षा जास्त. त्यांनी दुसऱ्या जातीची गोळी लिहून दिली, टेल्मिसार्टन.

ती रात्र मी दवाखान्यातल्या बाकावर काढली. सगळ्या घरात खरं एकटी बोलत होती ती दहावी पास बाई, आणि तिला हसत होते मी. शाळेत गेल्यावर मी आमच्या विज्ञानाच्या बाईंना गाठलं आणि विचारलं, की रक्तदाबाच्या गोळीनं खोकला का येतो? त्या म्हणाल्या, "दोन पुस्तकं देते. पण गोष्ट लांब आहे, आणि ती पाच-सहा देशांत पसरलेली आहे." मला वाटलं तेव्हा रसायनशास्त्र वाचावं लागणार. निघाला इतिहासच.

आधी एक समजून घ्या. आपण अंथरुणातून उठून उभ्या राहतो तेव्हा रक्त पायांकडे उतरतं. तरी रोज भोवळ येत नाही, कारण मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत दाब ओळखणाऱ्या चेतातंतूंची टोकं असतात. ती क्षणात मेंदूला कळवतात, आणि हृदय जरा जोरात चालून, वाहिन्या आवळून दाब सांभाळला जातो. ही झाली सेकंदांची सोय. तासांची आणि दिवसांची सोय मात्र निराळी, आणि तिचा कारभार पुष्कळसा मूत्रपिंडांकडे! वरच्या मजल्यावर नळाला पाणी चढेना की आपण मोटर लावतो, तसंच. मूत्रपिंडाला दाब कमी वाटला, अंगात मीठ कमी वाटलं, की ते रक्तात एक पदार्थ सोडतं.

हा पदार्थ पहिल्यांदा हाती लागला स्टॉकहोममध्ये, कॅरोलिन्स्का संस्थेत. फिनलंडहून आलेले प्राध्यापक रॉबर्ट टिगरस्टेट आणि त्यांचा विद्यार्थी पेर बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क काढून दुसऱ्या सशाला टोचला, दाब चढला. त्यांनी त्याला नाव दिलं रेनिन आणि १८९८ साली ते प्रसिद्ध केलं. पुढची पस्तीस-छत्तीस वर्षं कुणी त्याकडे फारसं फिरकलंच नाही! १९३४ साली अमेरिकेत क्लीव्हलंडला हॅरी गोल्डब्लॅट यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी चांदीच्या चिमट्यानं थोडी आवळली आणि कुत्र्याचा रक्तदाब वाढला तो वाढूनच राहिला. मग सगळ्यांना त्या जुन्या रेनिनची आठवण झाली.

पुढचा भाग मला फार आवडतो. अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सला बर्नार्दो उस्साय या शास्त्रज्ञांच्या संस्थेत एक मंडळी कामाला लागली. एदुआर्दो ब्राउन-मेनेंदेस, फासिओलो, मुन्योस, लेलुआर. त्याच वेळी अमेरिकेत इंडियानापोलिसला अर्विन पेज आणि ऑस्कर हेल्मर. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. आणि १९३९-४० च्या सुमाराला दोघांना सापडलं तेच: रेनिन स्वतः दाब वाढवत नाही. ते कात्रीसारखं आहे. यकृतानं रक्तात सोडलेली एक लांबलचक माळ असते, तिचा लहानसा तुकडा ते कापतं, आणि वाहिन्या आवळण्याचं काम त्या तुकड्यातून होतं. अर्जेंटिनावाल्यांनी त्याला म्हटलं हायपरटेन्सिन, अमेरिकावाल्यांनी अँजिओटोनिन. झालं! एकाच बाळाची दोन बारशी. पुढे सुमारे अठरा वर्षं एकाच वस्तूला दोन नावं चालली.

मधल्या काळात अर्जेंटिनात फार वाईट दिवस आले. लोकशाहीच्या बाजूनं एका पत्रकावर सही केली म्हणून १९४३ साली लष्करी सरकारनं उस्साय यांना विद्यापीठातून काढलं. पुढच्या वर्षी त्यांनी देणग्यांवर खासगी संस्था उभी केली. १९४७ साली त्यांना नोबेल मिळालं, १९७० साली लेलुआर यांना. दोघांनाही साखरेसंबंधीच्या कामासाठी, रक्तदाबाच्या नव्हे. नोकरीतून काढलेल्या माणसानं तीन-चार वर्षांत नोबेल आणावं, हे मी नववीच्या वर्गात मुद्दाम सांगते.

तर नावाचं भांडण. ब्राउन-मेनेंदेस आणि पेज हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी, पण बोलणं होतं. १९५८ साली त्या दोघांनी मिळून 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटंसं टिपण छापलं: अर्धं नाव तुमचं घेऊ, अर्धं आमचं. अँजिओटोनिनमधलं 'अँजिओ' आणि हायपरटेन्सिनमधलं 'टेन्सिन'. अँजिओटेन्सिन! आज जगभर तेच नाव चालतं. इतिहास शिकवताना मी कितीतरी तह मुलांकडून पाठ करून घेतले, पण दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं सोडलेला असा तह माझ्या वाचनात नव्हता. आईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे हल्लीच्या मुली सासर-माहेर दोन्हीकडची आडनावं लावतात, तसंच की." पुढच्याच वर्षी, १९५९ च्या जानेवारीत, ब्राउन-मेनेंदेस विमान अपघातात गेले.

जाता जाता, या 'टेन्सिन'मधलं टेन्शन म्हणजे आपण म्हणतो ते टेन्शन नव्हे बरं का. वाहिनीच्या भिंतीवरचा ताण तो. 'टेन्शन घेऊ नका' हा माझा सल्ला आईंना किती उपयोगी पडला असेल, ते आता तुम्हीच बघा.

आता साप. कापलेल्या त्या तुकड्यात दहा मणी असतात, आणि तो तसा निरुपद्रवी. त्यातले शेवटचे दोन मणी आणखी एक एन्झाइम कापतं, मुख्यतः फुप्फुसातल्या वाहिन्यांच्या अस्तरात बसून. मग आठ मण्यांचा जो उरतो तो खरा जहाल. तो वाहिन्या आवळतो आणि अंगात मीठ-पाणी धरून ठेवायला लावतो. इकडे ब्राझीलमध्ये साओ पाउलोला मौरिसियो रोशा ए सिल्वा आणि त्यांचे सहकारी जराराका नावाच्या विषारी सापावर काम करत होते. तो चावला की माणसाचा रक्तदाब कोसळतो. त्या विषामुळे रक्तात तयार होणारा एक पदार्थ त्यांनी शोधला आणि १९४९ साली प्रसिद्ध केला, ब्रॅडिकायनिन. तो वाहिन्या सैल करतो. पण अंगात तो टिकत नाही, लगेच मोडतो. त्यांचाच विद्यार्थी सेर्जिओ फेरेरा. त्यानं १९६५ साली दाखवलं, की त्याच विषात आणखी काहीतरी आहे, जे ब्रॅडिकायनिनला मोडू देत नाही.

फेरेरा ते घेऊन लंडनला जॉन वेन यांच्या प्रयोगशाळेत गेला. तिथं वाय. एस. बखले नावाचे संशोधक होते. हे आडनाव वाचून मी पुस्तकावरून मानच वर केली. आपल्याकडचं आडनाव की हो! फुप्फुसातल्या त्या मणी कापणाऱ्या एन्झाइमला सापाच्या विषातला हा पदार्थ अडवतो, हे १९६८ च्या सुमाराला बखले यांच्या प्रयोगांतून दिसलं. आणि मग उलगडलं, की अँजिओटेन्सिन तयार करणारी कात्री आणि ब्रॅडिकायनिन तोडणारी कात्री एकच आहे. ती अडवली की दोन्ही बाजूंनी दाब उतरतो.

विष काही तोंडातून घेता येत नाही, पोटात ते पचून जातं. वेन यांच्या सूचनेवरून अमेरिकेतल्या स्क्विब कंपनीनं हे काम हातात घेतलं. डेव्हिड कुशमन आणि मिगेल ओंडेट्टी या दोघांनी १९७५ साली त्या विषाच्या धर्तीवर पोटात घेण्याजोगी गोळी घडवली, कॅप्टोप्रिल. १९८१ साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. ओंडेट्टी जन्मानं आणि शिक्षणानं कुठले? ब्युनोस आयर्सचे. म्हणजे गोष्ट फिरून तिथंच आली.

आईंची रॅमिप्रिल ही तिची धाकटी बहीण. 'प्रिल'नं संपणारं नाव दिसलं की हीच जात. कात्री अडवल्यावर ब्रॅडिकायनिन मोडत नाही. ते श्वासनलिकेत साठून तिथले चेतातंतू चाळवतं, आणि येतो कोरडा खोकला. म्हणजे ज्यानं दाब उतरत होता, त्यातूनच ढास लागत होती. अशा गोळीवर कधी ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, तर मात्र घरी थांबू नका, थेट दवाखाना. टेल्मिसार्टनची तऱ्हा वेगळी. ती कात्रीला हात लावत नाही. आठ मण्यांची किल्ली ज्या कुलपात बसते ते कुलूपच बंद करते. 'सार्टन'नं संपणाऱ्या या गोळ्यांतली पहिली लोसार्टन, १९९५ साली अमेरिकेत आली. तिचा धागा जपानच्या ताकेदा कंपनीतल्या रसायनांपासून निघालेला.

आपल्याकडचं काही यात नाही का, असं तुम्ही विचाराल. आहे, जरा निराळ्या वाटेनं. सर्पगंधेच्या मुळीनं रक्तदाब उतरतो हे मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रुग्णांवर पाहून १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लिहिलं, तेव्हा जगाचं लक्ष तिकडे गेलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं. त्यानं मन उदास व्हायचं, म्हणून पुढे ते मागे पडलं. नावात साप असलेली आपली मुळी, आणि प्रत्यक्ष साप ब्राझीलचा!

मीठ राहिलंच. १९८८ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली, इंटरसॉल्ट. ३२ देश, ५२ ठिकाणं, १०,०७९ माणसं, आणि प्रत्येकाची चोवीस तासांची लघवी गोळा केलेली. (आमच्या घरी एकाची गोळा करताना काय तारांबळ झाली होती!) त्यात जिथं मीठ फारच कमी अशी चार ठिकाणं होती, ब्राझीलच्या जंगलातले यानोमामी त्यांपैकी एक, तिथं रक्तदाब कमी होता आणि वयाबरोबर तो फारसा वाढतही नव्हता. आपल्याला दिवसाला माणशी पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे चहाचा सपाट चमचाही नाही. भाजी, आमटी, चटणी, पापड, सगळं धरून. पण बाजारात 'कमी सोडियमचं' मीठ मिळतं ते प्रिल किंवा सार्टन घेणाऱ्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि या गोळ्यांनी ते अंगात आधीच साठत असतं. मी ते आणून डब्यात भरून ठेवलं होतं, परत काढलं.

नव्या गोळीनं आईंचा दाब १३० च्या आसपास राहिला. गेल्या दोन्ही गणपतींत आरती त्यांच्याच आवाजात झाली, आणि दोन्ही वेळा त्या मध्येच माझ्याकडे बघून हसल्या. ही सगळी गोष्ट मी त्यांना चार-पाच संध्याकाळी वातीचा कापूस पिंजत बसल्या असताना सांगितली. ऐकून त्या म्हणाल्या, "सगळ्यांची नावं लागली गं. त्या सापाचं कुठं लागलं?"

दर रविवारी सकाळी चहाच्या आधी, पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकवून, हात छातीच्या उंचीवर ठेवून मी त्यांचा दाब मोजते आणि वहीत लिहिते. मोजताना बोलायचं नाही हा नियम. तो त्यांना काही केल्या जमत नाही. दोन महिन्यांपूर्वी आकडा लिहून मी यंत्र आवरायला लागले, तर म्हणाल्या, "थांब. तुझं कधी मोजलंस?"

मी सदतीस वर्षांची. धाकट्याच्या वेळी आठव्या महिन्यात माझा दाब चढला होता, बाळंतपणानंतर उतरला, आणि मी तो विषय विसरले. त्या पुस्तकात वाचलं होतं, की गरोदरपणात ज्यांचा दाब चढतो त्यांना पुढे हा आजार होण्याचा संभव जास्त. वाचलं, आणि पान उलटलं! (आणि हेही वाचलं होतं: या प्रिल आणि सार्टन गरोदरपणी घ्यायच्या नसतात, पोटातल्या बाळाला धोका असतो. मूल होऊ घातलेल्या लेकी-सुनांना दाबाची गोळी असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा.)

पट्टा त्यांनी स्वतः माझ्या दंडाला गुंडाळला, जरा घट्टच. १४४ आणि ९२. आठवडाभर रोज सकाळ-संध्याकाळ मोजलं, फार खाली येईना. डॉक्टरीणबाईंकडे गेले आहे, तपासण्या चालू आहेत. आईंनी वहीच्या मागच्या बाजूनं नवं पान काढून वर माझं नाव घातलंय, पट्टीनं रेघा मारून तारखेचा रकाना आखलाय, आणि शेवटी एक जादा रकाना. त्यावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलंय: 'खोकला आहे / नाही'.